रिपोर्ट घरी जातो तेव्हा

थेरेसा मार्टो या इंग्लंडमधल्या आरोग्य-मानसशास्त्राच्या संशोधक. त्यांना मी कधी भेटलेले नाही, त्यांचा आवाजही ऐकलेला नाही. त्या मला ओळखत नाहीत, ओळखायचं काही कारणही नाही. पण पूर्व विदर्भात सिकलसेलच्या तपासणीचं आणि समुपदेशनाचं जे काम मी करते, त्यात जे काही धड आहे ते त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखनातून माझ्यापर्यंत आलं. माझ्या स्वतःच्या घरातली एक जुनी गाठ सुटली, तीही त्यांच्यामुळे. हे ऋण फिटणारं नाही. निदान ते कसकसं चढत गेलं, एवढं तरी लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

नागपूरला मानसशास्त्रात एम.ए. करत होते तेव्हा प्रबंधासाठी गरोदर बायकांच्या मनातली चिंता हा विषय घेतला होता. चिंता मोजायला स्पीलबर्गर यांची प्रश्नावली वापरतात, पण त्यातला माझ्या कामाचा भागच वीस वाक्यांचा. सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसलेली बाई, कडेवर एक मूल, हातात केसपेपर, कान नंबराच्या पुकाऱ्याकडे. तिला वीस वाक्यं वाचून दाखवायची म्हणजे निम्म्यावर येईतो ती उठून गेलेली असायची. माझ्या मार्गदर्शक बाईंनी मग सहाच वाक्यांची एक छोटी प्रश्नावली दिली. मन शांत आहे का, ताण जाणवतो का, काळजी वाटते का, अशी साधी वाक्यं. १९९२ साली मार्टो आणि हिलरी बेकर यांनी मूळच्या वीस वाक्यांमधून ती निवडून, पारखून घेतली होती. माझं काम झालं, पदवी मिळाली. मार्टो यांना इतक्या लहान प्रश्नावलीची गरज का पडली असावी, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. त्यांनाही तपासणीला आलेल्या गरोदर बायकांचंच मन जाणून घ्यायचं होतं आणि त्या बायकांपाशीही फार वेळ नव्हता, हे कितीतरी उशिरा कळलं.

पुढे एका संस्थेच्या सिकलसेल प्रकल्पात समुपदेशक म्हणून लागले. सिकलसेल आमच्या भागाला नवा नाही. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढ्याशा बदलाने तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडं फोडल्यासारख्या वेदना सुरू होतात. आईबाप दोघांकडून हा दोष आला तर मूल आजारी होतं, त्याला आम्ही एसएस म्हणतो. एकाकडूनच आला तर ते वाहक, म्हणजे एएस. वाहक आजारी नसतो, मात्र दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते.

गावात शिबिर लागायचं. बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात पडायचा. द्रावण गढूळ झालं आणि मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेषा दिसेनाशा झाल्या, की पुढच्या तपासणीला नमुना जायचा. इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या तपासणीचा रिपोर्ट आला की मी कार्ड द्यायचे आणि ठरलेली माहिती सांगायचे. एकामागून एक माणसं, प्रत्येकाला तीच वाक्यं. महिन्याच्या बैठकीत किती जणांना समुपदेशन केलं हा आकडा विचारला जायचा. आकडा चांगला असला की मलाही काम चांगलं झालं असं वाटायचं. ऐकणारी मान हलली म्हणजे माणसाला समजलं, अशी माझी तेव्हाची प्रामाणिक समजूत होती.

ती मोडली एका लेखाने. आमच्याकडे अधूनमधून येणाऱ्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या १९९६ च्या लेखाची झेरॉक्स दिली आणि म्हणाले, “तुझ्या कामाचं आहे, बघ.” लेखकांच्या नावांत मार्टो हे ओळखीचं नाव दिसलं. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये त्यांचा मानसशास्त्र आणि आनुवंशिकी यांची सांगड घालणारा संशोधन गट होता, आणि हे काम त्यातलंच. विषय सिस्टिक फायब्रोसिसचा. फुप्फुसं आणि पचनसंस्था यांना ग्रासणारा हा आजार युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त आढळतो. वारसा मात्र सिकलसेलच्याच वाटेने येतो, दोन वाहकांच्या पोटी. ज्यांची वाहक-तपासणी झाली होती त्यांना या मंडळींनी तीन वर्षांनी पुन्हा गाठलं आणि विचारलं, तुमचा रिपोर्ट काय होता आणि त्याचा अर्थ काय? रिपोर्ट निगेटिव्ह आलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना त्याचा अर्थ नीट आठवत नव्हता. थोडी शक्यता उरते हे विसरून, आपण वाहक नाहीच असं ते धरून चालले होते. वाहकांमधल्याही काहींचा अर्थ निसटला होता. आणि जे वाहक होते, म्हणजे ज्यांना कुठलाही आजार नव्हता, त्यांना आपली तब्येत इतरांच्या मानाने कमी चांगली वाटत होती.

शिकलेल्या, दवाखाना दारात असलेल्या माणसांची ही कथा, मग आमच्या गावांत काय उरलं असेल? जुनी रजिस्टरं काढली आणि ज्यांना कार्डं देऊन झाली होती त्यांच्या घरी पुन्हा जाऊ लागले. या वेळी सांगायला काही नेलं नाही, विचारायला गेले. एका तरुण बापाने ट्रंकेच्या तळातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं कार्ड काढून दाखवलं आणि म्हणाला, “मले अर्धा सिकलसेल हाये, म्हणून मी जड काम सोडलं.” तो वाहक होता, ठणठणीत होता. कार्डामुळे घरची निम्मी मजुरी बंद झाली होती. दुसऱ्या घरी पहिलं मूल एसएस. आई शांतपणे म्हणाली, “चारातला एक बिमार निघतो म्हणे. आमचा तो एक झाला, आता बाकीचे तिघं सुटले.” वाक्य माझंच होतं, चारांपैकी एक. तिच्यापर्यंत ते पोचलंही होतं, फक्त अर्थ दुसराच घेऊन.

त्या बाईच्या ओसरीवर पोरी चिंचोके फोडून खेळत होत्या. फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू पांढरी, एक काळपट, आणि फासे म्हणून ते टाकायचे. मी त्यातले दोन मागून घेतले. एक तिच्या हातात दिला, एक नवऱ्याच्या. काळी बाजू म्हणजे दोष, पांढरी म्हणजे चांगलं रक्त. दोघांनी एकदम टाकायचं. दोन्ही पांढरे, एक काळा, पुन्हा एक काळा, मग दोन्ही काळे, आणि लगेच पुढच्याच खेपेला पुन्हा दोन्ही काळे. बाई हातातल्या चिंचोक्याकडे बघत राहिली. “म्हंजे दर खेपेले नव्यानंच टाकाव लागते,” ती म्हणाली. मला इतके दिवस जे सांगता आलं नव्हतं ते तिचं तिने उचललं. तेव्हापासून माझ्या पिशवीत चिंचोक्यांची डबी असते. नवरा-बायको दोघंही घरी असतील तेव्हाच ती काढायची, हा माझा नेम आहे. एकट्या बाईच्या हातात दोन्ही चिंचोके दिले की दोन्ही दोष तिचेच होऊन बसतात.

हा नेम मी कुठून शिकले, ते सांगायचं तर माझ्या घराविषयी बोलावं लागेल.

एका प्रशिक्षणात आम्हा कर्मचाऱ्यांचीही तपासणी झाली आणि मी एएस निघाले. वाहक म्हणजे आजारी नव्हे हे वाक्य मी शेकडो लोकांना ऐकवलं होतं. तरी त्यानंतर काही महिने जिना चढताना गुडघा दुखला की मनात शंका यायची. रात्री झोप नाही झाली, थकवा वाटला, तर त्याचंही कारण मी त्या दोन अक्षरांत शोधायचे. मार्टोंच्या अभ्यासातले ते वाहक मला तेव्हा खऱ्या अर्थाने भेटले. ज्ञान असूनही हे होतं, हे त्यांनी आधी लिहून ठेवलं नसतं तर मी स्वतःला दुबळी समजले असते. त्यांच्यामुळे एवढं कळलं की असं कुणाही माणसाचं होतं, आणि ते मोकळेपणाने बोललं की हळूहळू ओसरतं.

पण माझ्या रिपोर्टचा दुसरा अर्थ अधिक जड होता. माझा मोठा भाऊ लहानपणीच गेला, पाचवीत असताना. डोळे नेहमी पिवळे, अंगात रक्त नाही, पावसाळ्यात हातपाय दुखून रात्र-रात्र रडायचा. लोक वात म्हणायचे, कावीळ म्हणायचे, कुणी आणखी काही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आई त्याला सोबत बांधीवर न्यायची, घरी ठेवायला कुणी नव्हतं. तोही चिखलपाण्यात उतरायचा. एका रोवणीनंतरच्या दुखण्यातून तो उठला नाही. आजी म्हणायची, “हिच्या माहेरचं रक्तच कच्चं.” आई त्यावर काही बोलायची नाही. आमच्या घरी दादाचं नाव निघत नसे.

सिकलसेलची लक्षणं शिकवताना दादा मला अनेकदा आठवला होता, पण मी तो विचार बाजूला सारायचे. आता माझ्या रक्तात ते होतं, म्हणजे आई किंवा बाबा यांच्यापैकी निदान एकात असणारच. आईबाबांना तपासायला सांगावं की नाही, या विचारात बराच काळ गेला. म्हाताऱ्या माणसांना आता हे कळून काय उपयोग? आईने आयुष्यभर जे ऐकलं त्यावर आपण शिक्का तर मारणार नाही ना?

त्या काळात मार्टो यांचे दोन अभ्यास मी पुन्हा पुन्हा वाचले. पहिला १९९५ चा, हॅरिएट ड्रेक यांच्यासह केलेला, ब्रिटन, जर्मनी आणि पोर्तुगाल या देशांतला. डाउन सिंड्रोम असलेलं मूल जन्माला आलं, तर लोक आईला किती दोष देतात? गरोदरपणी तपासणी नाकारलेल्या आईला लोक अधिक दोषी धरत होते. म्हणजे तपासणीची सोय आली की तिच्या पाठोपाठ दोष द्यायची नवी जागाही तयार होते. दुसरा अभ्यास २००० सालचा, स्यू हॉल आणि मार्टिन बॉब्रो यांच्यासह. तपासणीत धोका कमी असं सांगितलं गेलं आणि तरी डाउन सिंड्रोम असलेलं मूल झालं, अशा आईबापांशी मूल दोन ते सहा वर्षांचं झाल्यावर ते बोलले. अशा पालकांना जुळवून घेणं थोडं जड गेलं होतं. आणि ज्यांनी झाल्या गोष्टीचा दोष दुसऱ्या कुणावर ठेवला होता, त्यांना ते अधिकच जड जात होतं.

मी त्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. दोष देणाऱ्याचंही भलं होत नाही, हे आमच्या घरात मी पाहत आले होते. आजी कडवट होऊन गेली. बाबा गप्प होत गेले.

शेवटी मी दोघांना विचारलं. का विचारते आहे तेही सांगितलं, आणि नको म्हणालात तरी चालेल असंही सांगितलं. बाबा आधी म्हणाले, आमच्या घराण्यात असलं काही नाही. दोन दिवसांनी स्वतःच फोन करून म्हणाले, ये आणि घेऊन जा रक्त. रिपोर्ट आले तेव्हा दोघांना एका खाटेवर शेजारी बसवलं आणि एकदमच सांगितलं. दोघंही वाहक. दादाची तपासणी कधी झाली नव्हती, त्यामुळे खात्रीने काही म्हणता येत नाही, पण त्याला सिकलसेल असण्याची शक्यता बरीच आहे. आणि ते दोघांकडून मिळूनच येतं, एकाकडून कधीच येत नाही.

बाबा म्हणाले, “म्हणजे माझ्याकडूनही.” मग बराच वेळ कुणी बोललं नाही. आईने विचारलं, “आणि ते बांधीतलं पाणी?” हा प्रश्न तिने किती वर्षं मनात धरला होता देव जाणे. मी तिला खोटा दिलासा दिला नाही. गारठा, ओल, थकवा याने दुखणं उसळू शकतं, हे खरं आहे. पण आजार त्याच्या जन्मासोबतच होता, आणि आपल्याकडे तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं. ती रडली. बाबा आईला म्हणाले, “माय तुला बोलायची ते मी ऐकत होतो. मी तिला थांबवायला पाहिजे होतं.” त्या संध्याकाळी आमच्या घरात दादाविषयी बोलणं झालं, तो काय खायचा, कुणाची नक्कल करायचा, शाळेत कुठल्या बाकावर बसायचा. मी माझ्या भावाला त्या दिवशी पहिल्यांदा थोडं ओळखलं.

आनुवंशिक तपासणीने घरं मोडतात असं काही लोक म्हणतात, तपासणीने घरं वाचतात असं काही म्हणतात. दोन्ही मी पाहिलं आहे. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावात सिकलसेलची तपासणी झाली, तेव्हा वाहकांकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागले आणि काहींनी लग्न ठरवताना आपला रिपोर्ट लपवला. आमच्याकडेही एएस मुलीचं स्थळ मोडतं, एएस मुलाचं सहसा मोडत नाही. शाळेतल्या शिबिरात रिपोर्ट सर्वांसमोर वाचून दाखवले गेले आणि वर्गातली मुलगी महिनाभर शाळेत आली नाही, असंही घडलं आहे. मार्टो आणि मार्टिन रिचर्ड्स यांनी संपादित केलेल्या, १९९६ साली केंब्रिजहून निघालेल्या ‘द ट्रबल्ड हेलिक्स’ या ग्रंथाचा आरंभ अशा घरांतल्या माणसांच्या स्वतःच्या कहाण्यांनी होतो, शास्त्रज्ञांचे लेख नंतर येतात. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. मी प्रशिक्षण घेते तेव्हा तोच क्रम ठेवते. आधी एखादी आई बोलते, मग आम्ही.

माझ्या कामात सर्वांत अवघड प्रश्न एकच असतो. पहिलं मूल एसएस, बाई पुन्हा गरोदर, पोटातल्या गर्भाची तपासणी करायची की नाही, आणि रिपोर्ट वाईट आला तर काय. “मॅडम, तुमच्यावर आलं असतं तं तुम्ही का केलं असतं?” हा प्रश्न बाई विचारते तेव्हा तिच्या नजरेत इतका विश्वास असतो की उत्तर द्यावंसं वाटतं. सुरुवातीला मी देतही असे, आणि तो आपुलकीचा भाग मानत असे. १९९४ सालच्या एका अभ्यासात मार्टो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गर्भात दोष आढळल्यावर प्रसूतितज्ज्ञ, आनुवंशिकीतज्ज्ञ आणि त्या विषयातल्या परिचारिका यांच्या सल्ल्याचा रोख एकसारखा नसतो. प्रसूतितज्ज्ञ सर्वांत जास्त दिशा दाखवतात, परिचारिका सर्वांत कमी. पुढे १९९७ मध्ये सुझन मिची यांच्यासोबत त्यांनी प्रत्यक्ष सल्लामसलतींचे शब्दशः उतारे तपासले. आपण निर्णय लादत नाही, असं मानणाऱ्यांच्या बोलण्यातही सूचना आणि पसंती-नापसंती डोकावत होत्या. म्हणजे बाईने कुणाच्या दारात प्रश्न विचारला यावर तिला मिळणारा कल ठरत होता.

आता मी त्या बाईला विचारते, थोरल्याबरोबर दिवस कसे जातात? दुखणं उठलं की रात्री कोण जागतं? नागपूरला किंवा मुंबईला जायचं तर घरी कोण बघेल? नवऱ्याच्या मनात काय आहे? या उत्तरांतून तिचं तिलाच काही दिसू लागतं. एकदा एका जोडप्याने तपासणी करायची नाही असं ठरवलं. थोरला पोरगा सगळ्यांचा लाडका, धाकटंही तसंच आलं तरी आपलंच, असं ते म्हणाले. दुसऱ्या जोडप्याने तपासणी केली आणि पुढचा निर्णयही घेतला. दोन्ही घरी मी नंतर जात राहिले. दोघांनाही कुणी विचारलं असतं, तर आम्ही समजून ठरवलं असं ते सांगू शकले असते. मार्टो, एलिझाबेथ डॉर्मंडी आणि मिची यांनी २००१ साली सुजाण निवडीचं मोजमाप मांडलं, त्याचा गाभा हाच आहे. माणसाला पुरेशी माहिती आहे का, त्याला स्वतःला काय मोलाचं वाटतं, आणि त्याने जे केलं ते या दोहोंना धरून आहे का. तपासणी करणारा शहाणा आणि न करणारा अडाणी, ही विभागणी त्यात नाही. सरकारी कामात ही विभागणी मनातून काढणं किती कठीण जातं, हे मी रोज बघते, कारण आमचे आकडे तपासण्यांचे असतात.

निवड करायची तर वेळ हाताशी हवा. लंडनच्या दाट वस्तीत, जिथे आफ्रिकी, कॅरिबियन आणि दक्षिण आशियाई वंशाची कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, तिथे मार्टो यांच्या गटाने सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी सुईणीच्या भेटीपर्यंत न थांबता नेहमीच्या डॉक्टरकडेच, गरोदरपण कळल्या-कळल्या देऊन पाहिली. २०१० साली त्याचे निष्कर्ष आले. नेहमीच्या पद्धतीत दहा आठवड्यांच्या आत तपासणी झालेल्या बायका शंभरात दोन होत्या, नव्या पद्धतीत त्या २४ ते २८ झाल्या. हा आकडा मी आमच्या भागातल्या आशाताईंना सांगितला. त्यांना लंडनचं कौतुक नव्हतं, पण मुद्दा लगेच पटला. आमच्याकडे बाई पाचव्या महिन्यात नाव नोंदवायला येते, नवरा कामासाठी बाहेरगावी असतो, त्याचं रक्त मिळेपर्यंत सातवा लागतो. मग निवड कसली करायची? त्यावर आशाताईंनीच तोड काढली. लग्नानंतर पहिल्या सणाला जोडपं गावात असतं, तेव्हाच दोघांचं रक्त घ्यायचं. सगळ्या गावांत ते जमत नाही. जिथे जमतं तिथे बाईच्या हाताशी थोडे दिवस जास्त राहतात.

मार्टो यांच्या कामातली आणखी एक गोष्ट मला अलीकडे फार शिकवून गेली. जनुकीय धोका कळला की माणसं सवयी सुधारतील, धूम्रपान सोडतील, खाणंपिणं सांभाळतील, अशी मोठी आशा एके काळी होती. त्यांचा गट वर्षानुवर्षं हेच तपासत होता. २०१६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेऊन सांगितलं की असा धोका कळवल्याने वागणं बदलत नाही. तोवर त्या केंब्रिजला वर्तन आणि आरोग्य यांवरच्या संशोधन केंद्राच्या प्रमुख झाल्या होत्या आणि माणसाला उपदेश करण्यापेक्षा त्याच्या भोवतालची मांडणी बदलावी, या दिशेने वळल्या होत्या. आयुष्याची उमेदीची वर्षं ज्या विषयात घातली त्यातलं उत्तर आशेविरुद्ध आलं, तर ते तसंच छापायचं आणि पुढचं काम त्यावर उभं करायचं. एवढा प्रांजळपणा माझ्या कामात यावा, असं मला मनापासून वाटतं.

त्यातून मी एक साधी गोष्ट केली. सिकलसेलच्या मुलांनी भरपूर पाणी प्यावं लागतं, आणि पाणी पितं ते मूल लघवीला जास्त जातं. मी मुलांना पाणी पी, पाणी पी म्हणून बजावत असे आणि ती पीत नसत. एका मुलीने सांगितलं, “गुरुजी सारखं-सारखं बाहेर जाऊ देत नाहीत, म्हणून मी पितच नाही.” तेव्हापासून मुलांना सांगणं कमी केलं आणि शाळांमध्ये जाऊ लागले. वर्गात बाटली जवळ ठेवायची मुभा, न विचारता उठायची मुभा, थंडीत स्वेटर काढायला लावायचा नाही, कवायतीत दमलं तर बसू द्यायचं. बहुतेक शिक्षक ऐकतात, त्यांना कुणी हे आधी सांगितलेलंच नसतं. ती मुलगी आता कॉलेजात आहे, सिकलसेलवरची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी नियमित घेते.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजाराला आवर घालायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. नागपूरचे सिकलसेल कार्यकर्ते संपत रामटेके यांच्यासारखी माणसं ज्यासाठी झटली, त्याची सरकारदरबारी अशी दखल घेतली गेली याचा मला आनंद आहे. आमच्याही भागात यंत्रं आली, कार्डं आली, आकडे वाढले. सात कोटी कार्डं म्हणजे कार्ड घेऊन घरी जाणारी सात कोटी माणसं, आणि त्यांच्या घरी वाट पाहणारी सासू, नवरा, होणारे व्याही. म्हणून तालुक्याच्या प्रशिक्षणात मी रिपोर्ट सांगण्याच्या विषयासाठी वेळ मागितला. अर्धा तास मिळाला. त्यात मी मार्टोंचं नाव घेते, तीन वर्षांनंतरचा तो अभ्यास सांगते, आणि मग सगळ्यांना दोघा-दोघांत बसवून चिंचोके देते. नव्या मुली सुरुवातीला लाजतात. रजिस्टरच्या उजव्या बाजूला मी हाताने एक रकाना आखून घ्यायला लावते: काय समजलं, त्यांच्याच शब्दांत. छापील फॉर्मात तो नाही. गेल्या वेळी एका आरोग्यसेविकेने तो भरून आणला होता, आणि त्यातलं पहिलंच वाक्य चुकीच्या समजुतीचं निघालं. ती त्याच दुपारी त्या घरी पुन्हा गेली.